रोग रेड्याला, औषध पखालीला
ट्रॅक्टरची बॅटरी पुन्हा पुन्हा का उतरते?

गेल्या आषाढातली गोष्ट. आरमोरी तालुक्यातल्या एका गावी धानाचे पऱ्हे पाहायला गेलो होतो. तीन दिवस चांगला पाऊस झाला होता. बांध्या भरल्या होत्या, रोवणीच्या बाया सांगून ठेवलेल्या होत्या आणि जो तो चिखलणीच्या घाईत होता. एका घरापुढे मात्र ट्रॅक्टरला दोर बांधून शेजाऱ्याचा ट्रॅक्टर त्याला ओढत होता.

"काय झाले, भाऊ?" मी विचारले.

"काय सांगू साहेब, बॅटरी पुन्हा बसली जी. ऑल्टरनेटर भरून आणला, तरी तेच. आता नवी आणतो. पैशाचं बोलून ठेवलं आहे."

दारातून त्यांच्या घरच्या बाई म्हणाल्या, "आणा. अन् दिवाळीले आणखी एक आणा. काहून बसते, ते मात्र कोणी सांगू नका. साहेब, मागं फोनवर तुमीच म्हटलं होतं न, बॅटरी बदला म्हणून?"

मी वरमलो. बाईंचे म्हणणे खरे होते. मळणीच्या हंगामात त्यांचा फोन आला होता. ट्रॅक्टर न पाहता, काही न मोजता मी सांगून मोकळा झालो होतो, की बॅटरी जुनी झाली असेल, बदलून टाका. त्यांनी बदलली. ती नवी बॅटरीही आषाढात बसली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातला तो प्रकार झाला. त्या दिवशी पऱ्हे पाहणे बाजूला ठेवून आम्ही तो रोग शोधला. तो कसा शोधला, ते सांगण्यासाठी हा लेख आहे. पुष्कळ घरांत हेच दुखणे असते आणि पुष्कळ घरे विनाकारण बॅटऱ्या विकत घेत असतात.

तळे, नाला आणि पाट

आपल्या भागातले मालगुजारी तलाव सर्वांच्या ओळखीचे आहेत. बॅटरी म्हणजे असे एक तळे समजा. ऑल्टरनेटर म्हणजे तळे भरणारा नाला. ऑल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतच्या तारा म्हणजे पाट. सेल्फ आणि दिवे म्हणजे तळ्याखालच्या बांध्या. तळे कोरडे दिसले की कोणी शहाणा माणूस लगेच दुसरे तळे खोदायला घेत नाही. नाला वाहतो का, पाट फुटला आहे का, पाळीतून पाणी झिरपते का, हे तो आधी पाहतो. बॅटरीचेही तसेच आहे. ती उतरण्याची कारणे चारच असतात : तळेच निकामी झाले, नाला आटला, पाट तुंबला, किंवा रात्री कोणी पाणी चोरते.

शिशाच्या पट्ट्या आणि तेजाबाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केली. आपल्या ट्रॅक्टरची बॅटरी मूळ तत्त्वाने तीच आहे. तिच्यात सहा घरे असतात. प्रत्येक घर सुमारे २.१ व्होल्ट देते, म्हणून भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते.

आधी डोळे आणि हात

मीटर काढण्यापूर्वी इंजिन बंद करून चार गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट पट्टा. ऑल्टरनेटर फिरवणारा फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून पाहा. सुमारे बोटभर दबला तर ठीक. त्याहून सैल असेल, गुळगुळीत होऊन चमकत असेल किंवा चिखलाने भिजून घसरत असेल, तर ऑल्टरनेटर पुरता फिरत नाही.

दुसरी गोष्ट टर्मिनल. पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर टर्मिनल काढा. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडे करा, पॉलिश कागदाने घासा, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीन लावा. धुताना बॅटरीची झाकणे बंद असू द्या. सोड्याचे पाणी आत जाता कामा नये.

तिसरी गोष्ट पाणी. झाकणाच्या बॅटरीत पट्ट्या पाण्याखाली बुडालेल्या असाव्यात. कमी असेल तर फक्त बॅटरीचे शुद्ध पाणी घाला. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घालू नका, त्यातले क्षार पट्ट्या खातात. तेजाबही घालू नका. उडते ते पाणी, तेजाब नव्हे.

चौथी गोष्ट लाल दिवा. किल्ली फिरवली की चार्जिंगचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाले की विझला पाहिजे. किल्ली फिरवूनही तो लागतच नसेल तर आधी तो बल्ब पाहा. पुष्कळ ट्रॅक्टरांत ऑल्टरनेटरला सुरुवातीची चालना याच बल्बातून मिळते. बल्ब गेला की चांगला ऑल्टरनेटरही गप्प बसतो.

मीटरची तीन मोजमापे

साधा डिजिटल मीटर विजेच्या सामानाच्या दुकानात मिळतो. त्याची किंमत बॅटरीच्या किमतीपुढे किरकोळ आहे. त्याचा काटा डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल सळई धन टर्मिनलवर, काळी ऋण टर्मिनलवर.

पहिले मोजमाप इंजिन बंद असताना, ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर. १२.६ आले तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. रिकामी बॅटरी खराबच असते असे नाही. आधी ती पुरती चार्ज करून घ्या, मगच तिचा न्याय करा.

दुसरे मोजमाप सेल्फ मारताना. भरलेली बॅटरी त्या वेळी ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. भरलेली असूनही धाडकन ७-८ वर आली तर बॅटरी थकली आहे. दुकानात हायड्रोमीटरने सहाही घरे तपासून घ्या. पाच घरे सारखी आणि एक फार खाली असेल, तर ते घर गेले असे समजा.

तिसरे मोजमाप इंजिन मध्यम वेगाने चालू असताना. बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. बंद असताना होते तेवढेच दिसले तर चार्जिंग होतच नाही. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशी बॅटरी तापते, पाणी उडवते आणि लवकर मरते.

पाट कुठे तुंबला होता?

त्या घरची बॅटरी सकाळी ११.९ दाखवत होती. ती चार्जिंगला दिली. एक दिवस मोडला, चिखलणीला दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने लावावा लागला. परत आणून थोडा वेळ ठेवली तेव्हा १२.६ आले. सेल्फ मारताना १०.४. म्हणजे बॅटरी चांगली होती! तिसरी आणली असती तर पैसे पाण्यात गेले असते.

मग इंजिन चालू केले, मोठे दिवे लावले. बॅटरीवर १३.० आले. तेव्हा मी मीटर ऑल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेच्या नटावर लावला. तेथे १४.३! नाला भरून वाहत होता, पण तळ्यात पाणी पोचत नव्हते. रेग्युलेटर ऑल्टरनेटरच्या पोटात असतो. त्याला आपल्या दाराशी १४.३ दिसत होते, म्हणून आपले काम झाले असे समजून तो स्वस्थ होता.

आता पाट तपासायचा. मीटरची एक सळई ऑल्टरनेटरच्या त्या नटावर आणि दुसरी बॅटरीच्या धन टर्मिनलवर ठेवली. चांगल्या तारेत येथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. आम्हाला १.२ दिसले. ऑल्टरनेटरचे अंग आणि ऋण टर्मिनल यांच्यात फक्त ०.१, म्हणजे अर्थिंग ठीक. दोष जाड तारेतच होता.

"तिथून जळका वास येते म्हणून म्या केव्हाची सांगत होती," बाई म्हणाल्या. डॅशबोर्डखाली त्यांनी बोट दाखवले तेथे काळ्या पट्टीत गुंडाळलेला जोड होता आणि तो हाताला कढत लागत होता. मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टर तणसाच्या ढिगाजवळ उभा असे. उंदरांनी तार कुरतडली, मुलाने दोन टोके पिळून पट्टी मारली आणि सगळे ते विसरून गेले. तेव्हापासून बॅटरी दिवसभर अर्धपोटी राही आणि रात्रीच्या चिखलणीत दिव्यांवर उरलेली खर्च होई. ५५ वॅटचे दोन दिवे सुमारे ९ अँपिअर घेतात, हे ध्यानात ठेवा.

तितक्याच जाडीची नवी तार घातली, दोन्ही टोकांना थिंबल दाबून बसवले. दिवे लावून पुन्हा मोजले, तर बॅटरीवर १४.१. खर्च काही शेकड्यांत भागला. त्यानंतरचा मळणीचा हंगाम त्याच बॅटरीवर पार पडला. माझ्या सांगण्यावरून मोडीत दिलेली पहिली बॅटरी कदाचित चांगलीच असेल. आता ते तपासता येणार नाही. तो खर्च मात्र माझ्या सल्ल्याचा आहे, हे मी त्या घरी कबूल केले.

रात्रीचा चोर

कधी कधी सगळी मोजमापे बरोबर येतात, तरी ट्रॅक्टर दोन दिवस उभा राहिला की बॅटरी बसते. तेव्हा चोर शोधावा. किल्ली काढा, सर्व बंद करा, ऋण टर्मिनलची तार काढा. ती तार आणि टर्मिनल यांच्यामध्ये १२ व्होल्टचा लहान बल्ब जोडा. बल्ब लागला तर बंद ट्रॅक्टरमध्येही कोणीतरी वीज खात आहे. एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजने बल्ब विझेल त्या वाटेवर चोर आहे. बहुधा तो हौसेने लावलेला टेप, जादा दिवा किंवा मोबाईलचा चार्जर असतो. फ्यूज काढूनही विझला नाही, पण ऑल्टरनेटरची जाड तार काढताच विझला, तर ऑल्टरनेटरचे डायोड गळके आहेत. ते काम मिस्त्रीचे.

या चुका करू नका

इंजिन चालू असताना बॅटरीची तार कधीही काढू नका. चार्जिंग होते का पाहण्याची ही जुनी युक्ती डायनामोच्या काळातली आहे. ऑल्टरनेटरचे डायोड तिने एका क्षणात जळू शकतात. ट्रॅक्टरवर किंवा जोडलेल्या ट्रॉलीवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडा. बॅटरी काढताना ऋण तार आधी, बसवताना ऋण तार शेवटी.

चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. जवळ विडी, काडी, दिवा नको. तेजाब अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यांत गेले तर पाण्याने धूत राहा आणि विनाविलंब दवाखाना गाठा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. बॅटरी बसली म्हणून खाली उभे राहून पाना लावून सेल्फ जोडू नका. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर तो चालू होताच पुढे उडी घेतो आणि मागचे चाक माणसावरून जाते. तळ्याच्या पाळीवरून लोटून चालू करणेही तसेच जिवाशी खेळणे आहे. आपल्याकडे आणखी एक धोका आहे. जंगलाला लागून शेती, वाघाचा वावर, आणि २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेले हत्ती. दिवस मावळताना दूरच्या बांधीत ट्रॅक्टर बंद पडणे म्हणजे नुसता खोळंबा नव्हे.

वर्षाची काळजी

चिखलणी संपली की ट्रॅक्टर धुताना बॅटरीची पेटी आणि तारांचे जोडही स्वच्छ करून कोरडे करा. ट्रॅक्टर तणसापासून दूर ठेवा, उंदरांना थारा देऊ नका. ट्रॅक्टर महिनोन् महिने उभा राहणार असेल तर ऋण तार सोडून ठेवा आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करा. उपाशी पडलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर पांढरा थर बसतो आणि मग ती पुन्हा सावरत नाही. निकामी बॅटरी घरी फोडू नका, तेजाब विहिरीजवळ ओतू नका. शिसे हे विष आहे आणि लहान मुलांना त्याची बाधा लवकर होते. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी दुकानदाराकडे किंवा अधिकृत संकलन केंद्राकडेच द्यावी. तिची मोडीची किंमतही वळती होते.

बॅटरी कधी घेतली, कधी उतरली, मोजमाप किती आले, हे घरच्या वहीत लिहून ठेवा. हे काम घरातल्या बाया-मुली अधिक नेमाने करतील, असा माझा अनुभव आहे. त्या घरी आता मीटर आला आहे आणि तो बाईंच्या ताब्यात असतो. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "साहेब, गावात कोणाची बॅटरी बसली का आता आधी आमच्या घरी येतात जी."

दुकानात जाण्याआधी लोक त्यांच्या घरी जातात, हे ऐकून मला बरे वाटले. बॅटरी बदलू नका असे माझे म्हणणे नाही. थकलेली असेल तर जरूर बदला. फक्त आधी मोजा आणि मग पैसे काढा.