सिंहासनामागचा पाटील

मंडईच्या रात्री लाखांदुरात नाटक बघताना तुम्ही टाळ्या कोणासाठी वाजवता? स्टेजवरच्या राजासाठी. पडदा ओढणारा कोणाला दिसतो? इतिहासातही अशी माणसं असतात.

रोमचा सेनापती स्टिलिको घ्या. सम्राट होनोरियस पोरसवदा, साम्राज्य सांभाळणारा हा. इ.स. ४०८ मध्ये सम्राटाच्याच हुकमाने त्याला मारलं. दोनच वर्षांत रोम लुटलं गेलं.

आपल्याकडचा असा माणूस म्हणजे महादजी शिंदे. पानिपतात, १७६१ मध्ये, पाय जायबंदी झाला, तो कायमचा. तरी १७७२ मध्ये बादशहा शाह आलमला दिल्लीत परत आणण्यात ते आघाडीवर होते. १७८४ मध्ये बादशहाने ‘वकील-ए-मुतलक’ हे पद दिलं. फौज आणि कारभार दोन्ही हातात आले. पण पद पेशव्यांच्या नावे, महादजी त्यांचे नायब. स्वतःला म्हणवून घ्यायचे काय, तर ‘पाटील’!

१७८८ मध्ये गुलाम कादिरने बादशहाचे डोळे काढले. महादजींच्या फौजेने दिल्ली सोडवली आणि त्याच आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसवलं.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीत ते गेले. १८०३ मध्ये दिल्ली इंग्रजांकडे गेली. एकाच खांद्यावर उभा असलेला डोलारा खांदा गेला की कोसळतो.

तुमच्या गॅदरिंगचा सगळा भार कोणावर आहे? तुमच्यावरच असेल, तर आजच एखाद्या ज्युनिअरला सोबत घ्या.