काबान्यासचा खाणविरोध : धमक्यांची दोन दशके

एल साल्वाडोर हा मध्य अमेरिकेतला सर्वांत लहान देश. क्षेत्रफळ सुमारे २१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण पंधराव्या हिस्स्याएवढे. देशातल्या निम्म्याहून अधिक लोकांचे पाणी लेंपा या एकाच नदीच्या खोऱ्यातून येते. याच खोऱ्यात, उत्तरेकडच्या काबान्यास प्रांतात, सान इसिद्रो गावाजवळ एल डोराडो ही सोन्याची जुनी, बंद पडलेली खाण आहे. २००२ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरची पॅसिफिक रिम ही कंपनी तिथे आली. जमिनीत ठिकठिकाणी भोके पाडून सोन्याचा अंदाज घेतल्यावर डिसेंबर २००४ मध्ये तिने प्रत्यक्ष उत्खननाचा परवाना मागितला.

लोकांना पहिली शंका आली ती पाण्यामुळे. शोधासाठी भोके पाडली जात होती त्या भागातले काही झरे आटल्याचे शेतकऱ्यांच्या लक्षात आले. मातीतून सोने वेगळे करायला सायनाइड वापरतात आणि या कामाला पाणीही भरपूर लागते, ही माहिती त्यानंतर गावोगाव पोचली. काही जण शेजारच्या होंडुरासमध्ये जाऊन तिथल्या खाणीजवळची वस्ती पाहून आले. संघटना मात्र नव्याने उभारावी लागली नाही. प्रांतातल्या सांता मार्ता या गावचे लोक यादवी युद्धात (१९८० ते १९९२) होंडुरासच्या निर्वासित छावणीत राहिले होते आणि १९८७ मध्ये स्वतःहून परतले होते. परतलेल्या या लोकांनी १९९३ मध्ये आडेस ही संस्था काढली होती. पुढे खाणविरोधाचा कणा तीच झाली. २००५ मध्ये देशभरातल्या गटांची राष्ट्रीय आघाडी तयार झाली, २००७ मध्ये कॅथलिक बिशपांनी खाणींविरुद्ध निवेदन काढले आणि २००८ मध्ये उजव्या पक्षाचे राष्ट्राध्यक्ष आंतोनियो साका यांनीही परवाने देण्यास नकार दिला.

इथपर्यंतचा संघर्ष सभा, पत्रके आणि मोर्चे यांचा होता. नोकऱ्यांच्या आशेने गावे दुभंगली होती आणि दमदाटीही चालू होती. पण रक्त सांडले ते परवाना अडल्यानंतर. एप्रिल २००९ मध्ये कंपनीने एल साल्वाडोर सरकारला जागतिक बँकेच्या लवादात खेचले, आणि त्याच वर्षी खुनांची मालिका सुरू झाली.

मार्सेलो रिव्हेरा हे सान इसिद्रोच्या सांस्कृतिक केंद्राचे प्रमुख. त्या वर्षीच्या जानेवारीत निवडणुकीसाठी बाहेरचे मतदार आणले जात असल्याची तक्रार घेऊन उभे राहिलेल्यांतही ते पुढे होते. १८ जून २००९ रोजी ते बेपत्ता झाले. दोनेक आठवड्यांनी त्यांचा मृतदेह कोरड्या विहिरीत सापडला, अंगावर छळाच्या खुणा होत्या. टोळीतल्या गुंडांशी झालेल्या भांडणातून हा प्रकार घडला, असे तपास यंत्रणेने सांगितले. गावाने ते कधीच मान्य केले नाही.

ऑगस्टमध्ये काबान्यास पर्यावरण समितीचे उपाध्यक्ष रामिरो रिव्हेरा यांच्या पाठीत गोळ्या घालण्यात आल्या. ते वाचले. त्यांना पोलीस संरक्षण मिळाले. २० डिसेंबरला ते संरक्षक पोलिसांसह गाडीतून जात असताना पुन्हा हल्ला झाला आणि ते जागीच ठार झाले. सोबतची शेजारीण फेलिसिता एचेव्हेरिया हिचाही जीव गेला. सहाच दिवसांनी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, त्याच समितीतली डोरा अलिसिया रेसिनोस सोर्तो कपडे धुऊन घरी परतत होती. ती आठ महिन्यांची गरोदर होती आणि दोन वर्षांचे मूल तिच्याजवळ होते. गोळीबारात ती मेली, मुलाच्या पायाला इजा झाली. बंदूकधारी पोलीस शेजारी असताना माणूस मारला जातो आणि आठवडाही उलटायच्या आत पुढचा खून पडतो. यातून गावकऱ्यांना जो निरोप मिळायचा तो मिळाला.

ज्यांना मारले नाही त्यांना भीतीत ठेवले गेले. व्हिक्टोरिया गावात रेडिओ व्हिक्टोरिया हे लोकांनी चालवलेले छोटे केंद्र आहे. तिथले बातमीदार बहुतेक तरुण. त्यांना चिठ्ठ्या, फोन आणि मोबाइलवरचे संदेश येऊ लागले. मार्सेलोची जी गत झाली तीच तुमची होईल, असा त्यांचा आशय. काहींना काही काळ घर सोडून राहावे लागले, पण केंद्र बंद पडले नाही. २०११ मध्ये खाणविरोधी भित्तिपत्रके लावणारा विद्यार्थी हुआन फ्रान्सिस्को दुरान आयाला बेपत्ता झाला आणि नंतर मृतावस्थेत सापडला. त्याच वर्षी समितीचे अध्यक्ष फ्रान्सिस्को पिनेदा यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

या खुनांशी आपला संबंध नसल्याचे कंपनीने सांगितले आणि तसा संबंध कोर्टात सिद्धही झालेला नाही. दोष तपासाचा आहे. मार्सेलोच्या खुनात काही जणांना शिक्षा झाली, पण हात कोणी चालवले एवढ्यावरच चौकशी थांबली.

लवादातला दावा ही सबंध देशाच्या मानेवरची टांगती तलवार होती. आधी ७.७ कोटी डॉलरचा असलेला दावा एका टप्प्यावर ३० कोटींवर गेला. २०१३ मध्ये ओशियानागोल्ड या कंपनीने पॅसिफिक रिम विकत घेतली तरी दावा चालूच राहिला. १४ ऑक्टोबर २०१६ रोजी लवादाने तो फेटाळला आणि कंपनीने सरकारला खर्चापोटी ८० लाख डॉलर द्यावेत असा आदेश दिला. २९ मार्च २०१७ रोजी संसदेने ८४ पैकी ६९ मतांनी धातूंच्या खाणकामावर सरसकट बंदी घातली. असा कायदा करणारा हा जगातला पहिला देश.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण मार्च २०२२ मध्ये नायिब बुकेले सरकारने गुंडांच्या टोळ्यांविरुद्ध आणीबाणी लावली आणि ती चालू असतानाच ११ जानेवारी २०२३ रोजी सांता मार्ता आणि आडेसशी संबंधित पाच कार्यकर्त्यांना अटक झाली. त्यांत आडेसचे संचालक आंतोनियो पाचेको होते. आरोप १९८९ मधल्या, युद्धकाळातल्या एका खुनाचा. आधी तुरुंग, मग नजरकैद. ऑक्टोबर २०२४ मध्ये सेन्सुन्तेपेकेच्या कोर्टाने त्यांना सोडले, पण पुढच्याच महिन्यात वरच्या कोर्टाने खटला पुन्हा चालवायला सांगितले. त्याच सुमारास बुकेले यांनी खाणबंदी हास्यास्पद ठरवली आणि २३ डिसेंबर २०२४ रोजी ६० जणांच्या संसदेत ५७ मतांनी ती उठवण्यात आली. हा खटला आणि बंदी उठवणे या दोन घटना सुट्या मानणे काबान्यासमध्ये कोणाला जमलेले नाही आणि तसे मानायला फारसा आधारही नाही. २००९ मध्ये धमकी अनोळखी माणसाकडून यायची. आता ती सरकारी वकिलाच्या कागदावर आली.

चर्चने मार्च २०२५ मध्ये बंदी परत आणावी म्हणून सुमारे दीड लाख सह्यांचे निवेदन संसदेला दिले. त्याच वर्षी दुसऱ्या खटल्यातही पाचही जण निर्दोष सुटले. १९८९ चा खून त्यांच्यावर लादण्यासाठी दोनदा खटला उभा राहिला, २००९ च्या खुनांचे सूत्रधार मात्र एकदाही कोर्टापुढे आले नाहीत.