हाताची घडी, तोंडावर बोट: शिस्तीचा उलटा क्रम

मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा समजावून सांगावी लागत नाही. शिक्षक वर्गाबाहेर गेले की वर्गनायकाने बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहायची, हा तिचाच पुढचा भाग. या रिवाजामागे एक ठाम समजूत आहे: आधी वर्ग शांत करायचा आणि मग शिकवायचे. शिक्षक, मुख्याध्यापक, पालक सगळेच ती धरून चालतात. वर्गांचे ज्यांनी बारकाईने निरीक्षण केले, त्यांना मात्र हा क्रम उलटा आढळला. मुलाच्या डोक्याला आणि हाताला काम मिळाले की वर्ग आपसूक सावरतो. ते मिळाले नाही, तर गप्प बसलेला वर्गही शिकत नसतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांचे संशोधन सुरू झाले ते दटावण्यापासून. एका मुलाला दटावले की बाकीच्यांवर काय परिणाम होतो आणि कसे दटावले म्हणजे मुले ऐकतात, याचा त्यांनी अनेक वर्षे शोध घेतला, वर्गांची चित्रीकरणे तपासली. १९७० साली पुस्तकरूपाने आलेला त्यांचा निष्कर्ष वेगळाच निघाला. गोंधळ झाल्यावर शिक्षक कसा दटावतो, यावरून त्याचा वर्ग किती सुरळीत चालतो हे सांगता येत नव्हते. फरक होता तो गोंधळाच्या आधीच्या वागण्यात. चांगल्या शिक्षकाची नजर मागच्या बाकापर्यंत पोचते आणि मुलांना ते ठाऊक असते. एकाची वही तपासताना तो दुसऱ्या गटावरही लक्ष ठेवतो. एका कामातून दुसऱ्या कामाकडे जाताना त्याचा ओघ तुटत नाही. गणित ऐन रंगात आलेले असताना मध्येच ‘शनिवारी कोण गैरहजर होते?’ असे विचारणारा शिक्षक वर्गाचे लक्ष स्वतःच मोडतो आणि मग लक्ष नाही म्हणून मुलांना रागावतो.

मुले गुंतून राहावीत यासाठी महागडी साधने लागतातच असे नाही. प्रश्न विचारण्याची रीत बदलली तरी बरेच साधते. आधी नाव घेऊन एकाला उभे केले की उरलेला वर्ग सुटतो. प्रश्न आधी मांडला, थोडे थांबून वर्गावर नजर फिरवली आणि मग नाव घेतले, तर तेवढा वेळ प्रत्येक मूल उत्तर शोधत राहते. हे थांबणे किती मोलाचे असते, ते मेरी बड रो या संशोधक शिक्षिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिले. प्रश्न विचारल्यावर बहुतेक शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत. तेच थांबणे तीन सेकंदांच्या पुढे नेले, तेव्हा उत्तरे लांबली, निरुत्तर राहणारी मुले कमी झाली, मागे पडणारी मुलेही बोलू लागली आणि शिस्तीसाठी टोकण्याचे प्रसंगही घटले. शिकवण्यातला बदल शिस्तीपर्यंत पोचला, तो असा.

यावर पहिला आक्षेप पटसंख्येचा येतो: साठ मुलांच्या वर्गात संवाद कसा साधायचा? हिशेब करून पाहावा. तास चाळीस मिनिटांचा. शिक्षकाने एक शब्द न बोलता ओळीने सर्वांना बोलू दिले, तरी एका मुलाच्या वाट्याला चाळीस सेकंद येतात. तोच प्रश्न शेजाऱ्याशी दोन मिनिटे बोलायला दिला, तर तेवढ्यात साठही मुलांना एकेक मिनिट मिळते. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण सांगितले आहे आणि त्याचा आग्रह धरलाच पाहिजे. पण पट जितका मोठा, तितकी जोडीने काम करण्याची गरज अधिक. त्यासाठी बोलणे थांबवण्याची खूण ठरवून वर्षाच्या आरंभीच तिचा सराव करून घ्यावा लागतो.

दुसरा आक्षेप असा की गलक्यात अभ्यास होत नाही आणि परीक्षेचे नुकसान होते. महाविद्यालयीन विज्ञान, अभियांत्रिकी व गणित यांच्या वर्गांविषयीच्या २२५ अभ्यासांचा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के होते, तर विद्यार्थ्यांना कृतीत गुंतवणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के. शाळेला हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण सहभागाने गुण बुडतात ही भीती त्यांतून तरी दिसत नाही. ती भीती येते कोठून, याचा अंदाज हार्वर्ड विद्यापीठातल्या २०१९च्या एका अभ्यासातून येतो. तिथे पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी स्वतः उदाहरणे सोडवून अधिक शिकले, पण आपण जास्त शिकलो असे त्यांना वाटले ते रंगलेल्या व्याख्यानानंतर. डोक्याला पडलेला ताण त्यांना न समजल्याची खूण वाटला. पालकांचीही अशीच फसगत होऊ शकते.

अर्थात, नुसती धावपळ म्हणजे सहभाग नव्हे. ज्या मुलाला धडा वाचताच येत नाही, ते धड्यावरच्या खेळात गुंतणार कसे? काम मुलाच्या पातळीचे हवे. ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमात मुंबई आणि वडोदरा इथे तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना पंधरा-वीसच्या गटांत, परिसरातलीच एखादी तरुणी रोज सुमारे दोन तास त्यांच्या पातळीवरून शिकवत असे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात या शाळांमधल्या मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ दिसली.

शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली. छडी गेली, पण तिच्या जागी काय, ही शिक्षकांची तक्रार रास्त आहे. तिचे उत्तर प्रशिक्षणात आणि रोजच्या सरावात आहे, आणि ते देणे व्यवस्थेचे काम आहे. पालकांनीही आपला प्रश्न बदलावा. पुढच्या पालकसभेत ‘वर्गात शिस्त आहे ना?’ असे विचारण्याऐवजी ‘माझे मूल वर्गात कधी आणि काय बोलते?’ असे विचारून पाहा.