लेझरचा झोत किती चोख?

उलव्याला खेटून असलेल्या नवी मुंबई विमानतळाची धावपट्टी ३,७०० मीटरची. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेची एकेक भुजा त्याहूनही लांब, ४ किलोमीटर! तिथे धावणार १०६४ नॅनोमीटरचा लेझर. त्याचा झोत चोखच हवा.

चोखपणाचा आकडा म्हणजे ‘एम स्क्वेअर’. आदर्श झोताचा १; प्रत्यक्षात थोडा जास्तच. २ असेल, तर तितक्याच बारीक ठिपक्यातून निघालेला झोत दुप्पट फाकतो.

मोजायचं कसं? भिंगाने झोत एकवटायचा, कॅमेरा मागेपुढे सरकवत किमान १० ठिकाणी रुंदी टिपायची. निम्म्या नोंदी नाभीलगत, निम्म्या बऱ्याच लांब. आयएसओ १११४६ हेच सांगतं. नुसता गोल, देखणा ठिपका पाहून दिलेलं प्रमाणपत्र बिनकामाचं.