सोळा मात्रांतले पाच ठोके

सोळा मात्रा मोजा, जरा चढ्या लयीत. पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी द्या. झाली क्लावे. क्यूबातल्या ‘सोन’ या गीतप्रकाराची क्लावे ती हीच. आता सातव्या मात्रेवरची टाळी एका मात्रेने पुढे ढकलून आठव्यावर न्या, बाकी चार जागच्या जागी राहू द्या. ही रुम्ब्याची क्लावे. कागदावर फरक एका मात्रेचा आहे, पण त्या एका मात्रेने सगळ्या वादनाचा कल बदलतो. पहिली चाल बसल्यासारखी वाटते, दुसरी पुढे झुकलेली.

तीनतालाचा कान असलेल्याला इथे एक गंमत दिसेल. आपली सम पहिल्या मात्रेवर आणि शेवटची टाळी तेराव्यावर. दोन्ही ठिकाणी क्लावेचा ठोका आहे. नवव्या मात्रेवर आपली खाली, आणि तिथे क्लावेही गप्प. हा निव्वळ योगायोग आहे. त्यावरून भारत आणि आफ्रिका यांच्या प्राचीन नात्याचे सिद्धांत कृपया कोणी रचू नयेत. दिवाळी अंकांत असे सिद्धांत फार स्वस्तात मिळतात. पाचव्या मात्रेशी तर ही गंमत संपतेच. आपण तिथे टाळी देतो. क्लावे एक मात्रा आधीच, चौथीवर, ठोका देऊन मोकळी झालेली असते. नाचणाऱ्याचे पाऊल पाचव्यावर पडणार असते आणि त्याच्या जेमतेम आधी आलेला हा ठोका त्याला पुढे खेचतो. तीन ठोक्यांच्या अर्ध्या भागातला ताण मुख्यतः इथून येतो. दोन ठोक्यांचा अर्धा भाग त्या मानाने सरळ: एक ठोका दोन पावलांच्या बरोबर मध्ये, दुसरा थेट पावलावर. ताण आणि सैल, पुन्हा ताण आणि सैल, असे रात्रभर.

हे ठोके वाजतात ते साधारण वीतभर लांबीच्या दोन लाकडी दांड्यांवर. एक दांडी डाव्या हाताच्या वाकवलेल्या बोटांवर अलगद ठेवायची, खाली तळव्याची पोकळी राखायची आणि दुसरीने मधोमध मारायचे. मूठ आवळली की आवाज मेला. लाकूड कठीण लागते. क्यूबन संस्कृतीचे थोर अभ्यासक फर्नांदो ऑर्तिस यांनी १९३५ साली या दोन दांड्यांवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. त्यांच्या मते वाद्य हवाना बंदरातले: जहाजबांधणीत फळ्या जोडायला लागणाऱ्या कठीण लाकडी खुंट्या गोदी कामगारांनी एकमेकींवर वाजवल्या आणि त्यांचा नाद आवडला. हवानाची गोदी किरकोळ नव्हती. ट्राफल्गारच्या लढाईत उतरलेली स्पेनची प्रचंड युद्धनौका ‘सांतिसिमा त्रिनिदाद’ १७६९ मध्ये तिथेच पाण्यात उतरली होती.

वाद्य हवानाचे असले तरी ठोके तिथले नाहीत. गुलामांच्या व्यापारात क्यूबाच्या किनाऱ्यावर उतरवलेल्या आफ्रिकन माणसांची संख्या ८ लाखांच्या घरात जाते, आणि त्यातली बहुसंख्य माणसे १७९० नंतर, उसाच्या मळ्यांची भूक वाढल्यावर आणली गेली. गुलामगिरी कायद्याने संपली ती थेट १८८६ मध्ये. म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्यूबातल्या मातान्सासच्या एखाद्या अंगणात ढोल वाजवणाऱ्याची आजी आफ्रिकेत जन्मलेली असणे अगदी शक्य होते. योरुबा, काँगो, दाहोमी, क्रॉस नदीच्या परिसरातले लोक असे वेगवेगळे समाज आले. शहरांत त्यांना आपापल्या ‘काबिल्दो’ नावाच्या मंडळांत जमायची मुभा होती. देव, भाषा आणि ढोल तिथे टिकले.

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या मोठ्या पट्ट्यात समूहवादनाची एक रीत आहे. एक लोखंडी घंटा ठरावीक, विषम अंतरांची नक्षी अखंड वाजवत राहते आणि बाकीचे ढोल, गाणे, नाच तिच्या संदर्भाने आपली जागा शोधतात. घानाचे संगीतशास्त्रज्ञ क्वाबेना एन्केतिया यांनी या घंटेच्या नक्षीला कालरेषा म्हटले. क्यूबात घंटेच्या जागी लाकूड आले, पण काम तेच राहिले.

माझ्या मते या विषयाचे मर्म या कामात आहे, ठोक्यांत नाही. पाच ठोक्यांची ही अंतरे जगात अनेक ठिकाणी सापडतात. बगदादचा सफी अल-दीन अल-उर्मवी याच्या तेराव्या शतकातल्या ग्रंथात तीन-तीन-चार-दोन-चार अशी अंतरे असलेला ताल आहे. म्हणजे सोनची क्लावे जशीच्या तशी. शिकागोत गायक-गिटारवादक बो डिडलीने १९५५ मध्ये आपल्याच नावाचे गाणे ध्वनिमुद्रित केले, त्यातल्या गिटारीची चाल जवळपास हीच. संगणकशास्त्रज्ञ गॉडफ्रीड तूसाँ यांनी २०१३ च्या आपल्या पुस्तकात या नक्षीची भूमिती तपासून ती इतकी लोकप्रिय का, याची गणिती कारणे दिली. ती वाचायला मौज येते. पण बो डिडलीच्या गाण्यात ही नक्षी म्हणजे गाण्याचा ठसका आहे. गायकाने ओळ कुठे उचलावी हे ती सांगत नाही. क्यूबात सांगते. तिथे ती वाजत नसली तरी सांगते.

ते पाहायचे तर रुम्ब्याकडे जावे लागते. इथला रुम्बा म्हणजे बॉलरूमच्या गुळगुळीत फरशीवरचा नव्हे. हवाना आणि मातान्सासच्या गोद्या, वाडे, गरीब वस्त्या हे याचे घर. ढोल मिळेना किंवा वाजवू देईनात तेव्हा खोकी वाजली: सुकवलेल्या कॉड माशाची मोठी पेटी खर्जाला, मेणबत्त्यांची हलकी पेटी वरच्या सुराला. या खोक्यांना काहोन म्हणतात, आणि यांबू हा संथ रुम्बा आजही अनेकदा त्यांवर वाजतो. ग्वाग्वांको त्याहून चढा, स्त्री-पुरुषांच्या छेडाछेडीचा. कोलंबिया मातान्सासच्या ग्रामीण भागातला, परंपरेने एकट्या पुरुषाच्या नाचाचा आणि बारा मात्रांत मोजण्यासारखा.

ग्वाग्वांकोत बहुधा क्लावे पहिली सुरू होते. मग बांबूच्या किंवा लाकडाच्या पोकळ नळीवर दोन काठ्या, क्लावेभोवती बारीक वीण घालत. मग खर्जाचा ढोल, त्याला उत्तर देणारा मधला, आणि शेवटी किंतो. किंतो हा सर्वांत उंच आवाजाचा ढोल. तो नाचणाऱ्याशी बोलतो आणि त्यालाच मोकळीक असते. तरी ही मोकळीक क्लावेच्या सापेक्ष आहे. चांगला किंतोवादक ठोक्यांच्या फटींत बोलतो, कधी तीनच्या बाजूवर चढून ताण वाढवतो, कधी दोनच्या बाजूवर गप्प राहतो. त्याच्याकडे तंत्र कितीही असो, तो क्लावेच्या अंगावरून सरळ चालत गेला की जुनी माणसे मान फिरवतात. अशा वादनाला तिथे ‘क्रुसादो’ म्हणतात, म्हणजे आडवे गेलेले.

मातान्सासच्या जुन्या वादकांत आणखी एक गोष्ट ऐकू येते, जी कोणत्याही सोळा घरांच्या आलेखात बसत नाही. रुम्ब्याच्या क्लावेचे ठोके धड सोळाच्या मापात पडत नाहीत, धड बाराच्याही नाही. दोन्हींच्या मधे कुठेतरी. १९५२ साली सुरू झालेल्या ‘लोस मुन्येकितोस दे मातान्सास’ या संचाची ध्वनिमुद्रणे लावून बोटांनी मोजायचा प्रयत्न करावा, बोटे हरतात. या लेखाच्या सुरुवातीला दिलेले मात्रांचे आकडे म्हणूनच शिकाऊ कुबडीसारखे समजावेत. युनेस्कोने २०१६ मध्ये क्यूबन रुम्ब्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, ही बातमी त्या अंगणांत उशिराच पोचलेली दाद होती.

सोनने ही शिस्त सुरांच्या वाद्यांपर्यंत नेली, आणि क्यूबाचे खरे योगदान मला इथे दिसते. पूर्वेकडच्या ओरिएंते प्रांतातला हा प्रकार विसाव्या शतकाच्या आरंभी हवानात आला आणि रुम्ब्याच्या वस्तीशेजारी राहू लागला. १९२० च्या दशकात ‘सेक्स्तेतो हाबानेरो’सारख्या संचांनी तो तबकड्यांवर नेला. पुढे लहानपणीच दृष्टी गेलेले मातान्सासचे, त्रेस हे गिटारीसारखे तंतुवाद्य वाजवणारे आर्सेनियो रॉद्रिगेस यांनी १९४० च्या दशकात संचात पियानो, वाढीव ट्रम्पेट आणि तुंबादोरा, म्हणजे ज्याला जग काँगा म्हणते तो ढोल, पक्का बसवला. आता बास, पियानो, ट्रम्पेट, कोरस सगळ्यांनाच क्लावेची बाजू पाळणे आले. या संगीतातला बास तर सम चक्क टाळतो. चौथ्या आणि सातव्या मात्रेवर, पुढे बाराव्या आणि पंधराव्यावर तो वाजतो, समेवर पोकळी. समेवर धा पडलाच पाहिजे अशा संस्कारात वाढलेल्या आपल्या कानाला ही पोकळी आधी चूक वाटते. नंतर तिची चटक लागते.

मग प्रश्न येतो दिशेचा. गाणे तीनच्या बाजूने सुरू होते की दोनच्या? आवर्तन तेच, पण गाण्याची ओळ कोणत्या अर्ध्यावर उचलली यावर सगळे ठरते. एकदा सुरू झालेली क्लावे सहसा थांबत नाही, उलटतही नाही. उलटते ते गाणे. कडव्याला विषम संख्येच्या अर्ध्या आवर्तनांची एखादी तुकडी जोडली की पुढचा भाग आपोआप दुसऱ्या बाजूवर येऊन पडतो. उत्तम संयोजक ही चाल इतक्या सफाईने खेळतात, की नाचणाऱ्याला फक्त जोर वाढल्यासारखे वाटते. ‘तीन-दोन’ आणि ‘दोन-तीन’ ही भाषा रूढ झाली ती मुख्यतः न्यूयॉर्कमध्ये, आणि तिचे श्रेय सहसा हवानाहून गेलेले मारियो बाउसा यांना दिले जाते. न्यूयॉर्कमधल्या माचितो या गायकाच्या संचाचे ते संगीत दिग्दर्शक. १९४३ मधली त्यांची ‘तांगा’ ही रचना जॅझ आणि क्लावे यांची पहिली नीट सोयरीक मानली जाते. वाद्यमेळातले सगळेच क्यूबन नव्हते. त्यांना कागदावरून क्लावे शिकवायची तर नावे लागणारच. रुम्ब्याच्या अंगणात वाढलेल्याला ती लागत नाहीत.

बाउसांनीच काँगावादक चानो पोसोची जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीशी गाठ घालून दिली. १९४७ च्या डिसेंबरात ध्वनिमुद्रित झालेल्या ‘मान्तेका’त चानोने एकावर एक थर रचून दिले, तर मधला तुकडा गिलेस्पीने आपल्या वळणाचा घातला. ऐकताना सांधा कळतो: थरांच्या भागात सगळे क्लावेला बांधलेले, मधल्या तुकड्यात ती पकड सुटते. चानो वर्षभरात, डिसेंबर १९४८ मध्ये, हार्लेममध्ये गोळी लागून मेला. वय फक्त तेहतीस.

आफ्रिकेलाही हे संगीत परत गेले. एचएमव्हीने १९३३ पासून काढलेल्या ‘जीव्ही’ मालिकेतल्या क्यूबन तबकड्या पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत खपल्या, आणि काँगो नदीच्या दोन्ही तीरांवर त्यातून नवा रुम्बा उभा राहिला. तिथल्या श्रोत्यांना तो ओळखीचा वाटला यात नवल नाही.

मुंबईत मात्र या संगीताचा फक्त रंग आला. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि गोव्याच्या आल्दोनाचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्या जोडीने ‘समाधी’ (१९५०) आणि ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांत लॅटिन वळण आणले. बाँगो आणि माराकाससारखी वाद्ये हिंदी चित्रपटाच्या वाद्यवृंदात रुळली. गाणी अजून ताजी आहेत. पण त्यांत क्लावे शोधू नये. ठेका आपल्याच चालीने चालतो, मुखडा समेला मान देतो, आणि ते योग्यच आहे. लॅटिन वाद्ये इथे पाहुणी म्हणून आली, घरचे नियम बदलायला नाही.

आज वाद आहे तो हवाना आणि न्यूयॉर्क यांच्यात. साल्साच्या न्यूयॉर्क परंपरेत बाजू चुकवणे हा गुन्हा. संयोजक पेन्सिल घेऊन प्रत्येक ओळ तपासतात. हवानातले तिंबा, म्हणजे तिथले साल्सासारखे नृत्यसंगीत, वाजवणारे, १९८८ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘एनजी ला बांदा’पासून पुढचे, सोनची आणि रुम्ब्याची क्लावे एकाच गाण्यात मिसळतात, ट्रम्पेटच्या ओळी मुद्दाम आडव्या टाकतात आणि विचारले तर खांदे उडवतात. न्यूयॉर्कवाल्यांना हा बेफिकीरपणा वाटतो. मला हवानाची बाजू पटते. जे वादक क्लावे वाजत नसतानाही ती पायात धरून चालतात, त्यांनाच ती मोडायची परवानगी असावी. न्यूयॉर्कची पेन्सिल त्यांच्यासाठी नव्हतीच. ती होती माझ्यासारख्यांसाठी, ज्यांना सातव्या आणि आठव्या मात्रेतला फरक अजून मोजून काढावा लागतो.