“गोळी बंद का केली जी?”

माझं मेडिकल मूलला, चंद्रपूर-गडचिरोली रस्त्यावर. चंद्रपूरला डॉक्टरला दाखवून परतणारे आणि वैनगंगा ओलांडून व्याहाड-सावलीमार्गे येणारे, असे दोन्ही जिल्ह्यांतले लोक बसची वाट बघता बघता माझ्या काउंटरला टेकतात. डिप्रेशनच्या औषधाला इकडे कुणी त्या नावानं ओळखत नाही. ‘टेन्शनची गोळी’ म्हणतात. ती घेणाऱ्यांचं एक ठरलेलं आहे. पहिले दोन महिने माणूस नेमानं येतो, चेहरा खुलतो, तोंडात तंबाखूचा खर्रा धरून चार गोष्टीही बोलतो. मग एकदम गायब. धान निघालं की पुन्हा तीच मळकी चिठ्ठी घेऊन हजर, आणि चेहरा पहिल्यासारखा उतरलेला.

“बंद का केली जी?” असं विचारलं की आधी रोवण्याचं कारण येतं, मग पैशाचं, मग ‘बरं वाटत होतं’. बाकीची गिऱ्हाइकं पांगली की खरं निघतं. एक गडी म्हणाला, “भाऊ, गोळीनं डोस्कं शांत झालं, पण बाकीचंही सारं शांत झालं नं.”

त्याचं म्हणणं खरं होतं. एसिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन, पॅरोक्सेटीन या गोळ्या मेंदूत सेरोटोनिनचा असर वाढवतात. त्यानं मन सावरतं, पण कामेच्छेलाही लगाम बसतो. पुरुषाचं वीर्य फार उशिरा येतं किंवा येतच नाही, ताठरता कमी पडते. बाईला इच्छा होत नाही, ओलावा येत नाही, समाधानापर्यंत पोचणं होत नाही. पॅरोक्सेटीनमध्ये हे जास्त दिसतं. गंमत अशी की ‘लवकर होतं’ म्हणून काही जण जी डॅपॉक्सेटीन घेतात, ती याच कुळातली. एकाचा त्रास तो दुसऱ्याचा इलाज.

स्पेनमध्ये १९९७ साली अशा गोळ्या घेणाऱ्या ३४४ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. आपणहून हा त्रास सांगणारे १४ टक्के होते. डॉक्टरांनी थेट विचारलं तेव्हा आकडा ५८ टक्क्यांवर गेला. स्पेनमध्ये ही गत, तर आमच्या झाडीपट्टीत काय असेल? माझं स्पष्ट मत आहे की गोळी लिहितानाच डॉक्टरांनी हे बोलावं. आधी कळलेला त्रास माणूस सोसतो. न कळलेल्या त्रासाचं नाव तो ‘कमजोरी’ ठेवतो आणि रस्त्याकडेच्या जडीबुटीवाल्याच्या तंबूत शिरतो.

उपाय आहेत, पण ते डॉक्टरच्या हातानं व्हायचे. आधी दोष गोळीचाच का, हे बघायचं. डिप्रेशन स्वतःच इच्छा मारतं. शुगर, बीपीच्या काही गोळ्या, दारू आणि तंबाखूही तेच करतात. आमच्याकडे खर्रा खाणारा माणूस सगळं खापर गोळीवर फोडतो, ही माझी जुनी तक्रार आहे. दोष गोळीचा निघाला तर काही आठवडे थांबून बघतात. काहींचं आपोआप सुधारतं, सगळ्यांचं नाही. मग डोस कमी करतात, किंवा मिर्टाझापीन, ब्युप्रोपिऑन, व्होर्टिऑक्सेटीन अशी हा त्रास कमी देणारी गोळी देतात. कधी चालू गोळीला ब्युप्रोपिऑनची जोड देतात. मात्र ज्याला फिट येतात, किंवा ज्यानं रोजची दारू एकदम तोडली आहे, त्याला ब्युप्रोपिऑननं फिट येण्याचा धोका असतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, म्हणून तिकडचा माणूस डॉक्टरसमोर मोहाच्या दारूचं नावही काढत नाही. नेमकं तेच तिथं सांगायला हवं.

ताठरतेसाठी सिल्डेनाफिल चालते, पण चिठ्ठीवरच. एक साठीचे काका हळूच “ताकदीची गोळी” मागत होते. मी म्हटलं, काका, आधी तुमची पिशवी दाखवा. टेन्शनच्या गोळीखाली छातीत दुखण्यावरची सॉर्बिट्रेट निघाली. या दोन्ही एकत्र पोटात गेल्या तर बीपी जिवावर बेतेल इतका खाली येतो. काका रागावून गेले, जाऊ दे.

आणि स्वतःच्या मनानं गोळी तोडायची नाही. एकदम थांबवली की चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका लागल्यासारखं होतं, आणि दुखणं उलटतं ते वेगळंच. शनिवार-रविवार गोळी चुकवण्याची युक्तीही कुणी कुणी सांगतं. फ्लुओक्सेटीन तर आठवडेच्या आठवडे अंगात राहते, दोन दिवसांनी तिला काय होणार? फार थोड्यांचा त्रास गोळी सुटल्यावरही टिकतो. २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियामकानं ती सूचना माहितीपत्रकात घालायला सांगितली. तसं वाटलं तर तेही डॉक्टरला सांगावं.

बाया हे मला सांगत नाहीत, आणि का सांगाव्यात? दुपारी काउंटरवर माझी बायको बसते. तिला सांगतात, तेही लोहाच्या गोळ्या मागता मागता. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या गावांत ६५० बायांची तपासणी केली होती. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं: ९२ टक्के बायांना स्त्रीरोग, आणि त्यासाठी पूर्वी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. शारीरिक दुखण्याची ही गत असलेल्या मुलखात ‘मले इच्छाच होत नाही’ हे वाक्य कोण कुणाला म्हणणार? नवऱ्याला वाटतं, हिचं मन उडालं. अशा वेळी नवरा-बायको दोघांनी मिळून डॉक्टरकडे जावं. बोललेलं गुप्त ठेवण्याचा रुग्णाचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच आहे.

ज्यांचं तोंडच उघडत नाही त्यांना मी चिठ्ठीच्या मागे एक ओळ लिहून देतो: ‘गोळी सुरू झाल्यापासून संबंधात अडचण.’ पुढचं डॉक्टर विचारतात. चंद्रपूरला जाणं जमतच नसेल तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. मोफत, मराठीत, २०२२ पासून सुरू. फोनवर समोरच्याचं तोंड दिसत नाही, म्हणून बऱ्याच जणांना तेच सोपं जातं.