रूळ दाराशी, गाडी दूर

कोकण रेल्वेच्या नकाशात कोलाडचे स्थान मोठे मानाचे आहे. रोह्याहून दक्षिणेकडे निघालेल्या या लोहमार्गावरील ते पहिलेच स्थानक. मालाने भरलेल्या मोटारी १९९९ सालापासून येथेच आगगाडीच्या पाठीवर चढतात आणि गोव्यातील वेर्ण्यास जाऊन उतरतात. २०२५ च्या गणेशोत्सवात खासगी मोटारींसाठीही तशीच सोय करण्यात आली. वाहनांची एवढी बडदास्त राखणाऱ्या या स्थानकावर रोज पेण-पनवेलकडे कामास जाणाऱ्या माणसाने मात्र कोणत्या गाडीची वाट पाहावी? दिव्याहून येणारी मेमू गाडी रोह्यास पोहोचते आणि तेथूनच माघारी वळते. रोहे ते कोलाड हे अंतर अवघे १३ किलोमीटरांचे. पण नोकरदारास, विद्यार्थ्यास आणि बाजारहाट करणाऱ्या बाईस ते पार करण्यासाठी रस्त्याचीच कास धरावी लागते. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण कुंडलिकेच्या काठच्या या गावास पाण्याच्या नव्हे, तर रेल्वेच्या बाबतीत लागू पडावी, हा दैवदुर्विलास होय.

हा रस्ता तरी कसा आहे? मुंबई-गोवा महामार्गाच्या ज्या पनवेल-इंदापूर टप्प्यावर कोलाड वसले आहे, त्याच्या रुंदीकरणास २०११ साली हात घालण्यात आला. त्यानंतर दशक उलटले, तरी या कामाची रड संपली नाही. त्या काळात खड्डे, धूळ आणि अपघात यांचा जो प्रसाद प्रवाशांच्या पदरी पडला, त्याचे वर्णन आम्ही नव्याने करावयास नको. रस्ता असा रखडत असता शेजारचे रूळ मात्र सुधारत गेले. रोहे ते वीर हा कोकण रेल्वेचा पहिला टप्पा १९९३ साली खुला झाला. त्याच टप्प्याचे दुपदरीकरण २०२१ साली पुरे झाले आणि २०२२ साली संपूर्ण कोकण रेल्वेचे विद्युतीकरणही पार पडले. म्हणजे मार्ग आहे, तो दुहेरी आहे, वरून विजेची तार गेली आहे आणि स्थानकेही बांधून तयार आहेत. उणीव आहे ती गाडीची.

बंद पडलेले लोहमार्ग पुन्हा उघडून त्यांवरून स्थानिक वाहतूक सुरू करावी, हा विचार आज अनेक देशांत मूळ धरू लागला आहे. ब्रिटनमध्ये १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर शेकडो मार्गांवर कुऱ्हाड चालली. न्यूकॅसल ते अ‍ॅशिंग्टन या मार्गावरील उतारूंच्या गाड्या १९६४ साली थांबल्या आणि पुढे तेथून केवळ मालगाड्याच धावत राहिल्या. साठ वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, त्याच मार्गावर उतारूंच्या गाड्या पुन्हा सुरू झाल्या. तोडणे सोपे आणि जोडणे महाग, हा धडा त्या देशास असा साठ वर्षांनी उमगला. आपल्याकडे विदर्भातील शकुंतला गाडी बंद पडली आणि ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून तेथील जनता आजही गाऱ्हाणे मांडीत आहे. रायगड जिल्ह्याचे दुखणे याहून थोडे निराळे आहे. येथील रूळ गंजलेले नाहीत. ते राबते आहेत. परंतु ज्यांच्या दारावरून ते जातात, त्यांच्या रोजच्या उपयोगापुरते ते बंदच आहेत.

याचा दुसरा पुरावा पेण येथे मिळतो. पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत लोहमार्ग गेलेला आहे आणि तो मालासाठी वापरला जातो. थळपासून हाकेच्या अंतरावर असलेले अलिबाग हे जिल्ह्याचे ठाणे. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, न्यायालय, सारे तेथेच. तथापि जिल्ह्याच्या या मुख्य गावास उतारूंची गाडी नाही. थळच्या मार्गावरून ती सोडण्याच्या घोषणा लोकांनी पुष्कळ ऐकल्या. गाडी अद्याप पाहिली नाही. खत रुळांवरून जावे आणि ते ज्याच्या शेतात पडावयाचे त्या शेतकऱ्याने कचेरीतील कामासाठी एस.टी.त उभे राहून जावे, हा न्याय आमच्या आकलनापलीकडचा आहे.

रेल्वेची अडचण आम्ही जाणत नाही असे नाही. लांब पल्ल्याच्या गाड्यांची कोकणात दाटी आहे आणि मार्ग बव्हंशी एकेरी आहे. परंतु तो एकेरी होतो वीरच्या पुढे. रोहे ते वीर या दुहेरी टप्प्यात कोलाड, इंदापूर, माणगाव आणि गोरेगाव रोड ही स्थानके येतात. तेथवर मेमू नेण्यास ही सबब पुरी पडत नाही. २०२५ च्या गणेशोत्सवात दिवा ते चिपळूण मेमू धावली. जी गाडी सणाला चालते, ती सोमवारी का चालू नये? खरी अडचण रुळांत नसून हद्दीत आहे. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे आणि पुढे कोकण रेल्वे, अशा दोन कारभारांच्या सीमेवर कोलाड अडकले आहे. कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणास महाराष्ट्र शासनाने २०२५ साली संमती दिली. तेव्हा हद्दीचे हे कारणही आता फार काळ पुढे करता येणार नाही.

उतारू मिळतील काय, असा प्रश्न कोणी करील. गैरसोयीच्या वेळी गाडी सोडावयाची आणि मग डबे रिकामे गेले म्हणून बोट दाखवावयाचे, हा मार्ग आम्हांस मान्य नाही. धाटावच्या कारखान्यांच्या पाळ्या, शाळा-महाविद्यालयांच्या वेळा आणि पनवेलपुढील लोकलचे वेळापत्रक यांची सांगड घालून सकाळी दोन व सायंकाळी दोन मेमू वीरपर्यंत न्याव्यात, स्थानकाबाहेर त्या वेळेस एस.टी.ची बस उभी असावी आणि वर्षभर हा प्रयोग नेटाने चालवावा. मग हिशेब मांडावा.

कोकण रेल्वेसाठी बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते झटले, ते कोकणी माणसास घराशी गाडी मिळावी म्हणून. त्या रुळांसाठी येथील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी दिल्या. त्यांच्या नातवंडांना त्याच रुळांवरून शाळेस व कामास जाता येत नसेल, तर ते काम अपुरे राहिले असेच म्हटले पाहिजे. नवा मार्ग मागितला असता, तर पैसा नाही असे उत्तर मिळाले असते. कोलाडकर नवा मार्ग मागत नाहीत. रोह्यास थांबणारी गाडी १३ किलोमीटर पुढे आणा, एवढेच त्यांचे मागणे आहे. ते मान्य करण्यास आणखी एका पाहणीची गरज आहे असे आम्हांस वाटत नाही.